अक्काचे केस

फेटा सुटला तेव्हा पोवाडा ऐन रंगात आला होता. शेजारच्या गावची जत्रा, देवळापुढच्या पटांगणात बाबांनीच घातलेला मंडप, आणि स्टेजवर सगळ्यांत पुढं डफ घेऊन उभी असलेली माझी मावसबहीण नोरा. वैरणीच्या भाऱ्यात बंदुका लपवून एक बाई पोलिसांच्या नाकासमोरून चालली आहे, असं ते कडवं. तिथं शाहिरानं एक गिरकी घ्यायची असते. नोरानं गिरकी घेतली, फेट्याचा शेमला सुटला, पाठोपाठ अख्खा फेटा उलगडत खांद्यावर आला आणि आत कोंबलेले तिचे केस कमरेपर्यंत मोकळे झाले.

चिंचेनं घासलेलं तांब्याचं भांडं उन्हात धरावं, तसे ते केस होते. मग शिट्ट्या सुरू झाल्या आणि जिकडंतिकडं मोबाइल वर उठले. नोरा थांबली नाही. डफावरची थाप चुकू न देता तिनं पुढची ओळ उचलली. तिच्या मागं तुणतुणं घेऊन मी उभी होते आणि तिची ओळ संपली की "जी जी रं जी" म्हणत होते. झीलकऱ्याचं काम तेवढंच असतं.

ते कडवं माझं होतं.

माझे वडील, शाहीर आनंदा सुतार, तासगावात मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचे आणि त्यावर आपलं शाहिरी पथक चालवायचे. बेचाळीसच्या चळवळीतल्या बाईचा तो पोवाडा त्यांनी स्वतः रचलेला. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या मागं तुणतुणं धरून उभी राहिले. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तरी उभीच होते. बाबांचा घसा बसायला लागला तेव्हा ठरलं, की या जत्रेपासून राजीनं पुढं उभं राहायचं. राजी म्हणजे मी, राजश्री. आणि नेमकी त्याच वर्षी दिवाळीनंतर नोरा आली.

मालनमावशी ही आईची धाकटी बहीण. नर्सिंग शिकून ती आधी आखातात गेली, तिथून आयर्लंडला, आणि तिथल्याच केली आडनावाच्या एका माणसाशी लग्न करून राहिली. नोरा तिची एकुलती एक. मावशी आजारपणात गेली आणि पुढच्या वर्षी नोरा आईचं माहेर बघायला म्हणून आमच्या दारात उतरली. पंधरा दिवसांसाठी आलेली पोर परतीचं तिकीट पुढं ढकलत राहिली.

तिचं मराठी ऐकून लोक थक्क व्हायचे. मावशी गाव सोडताना जी बोली घेऊन गेली होती तीच हिच्या तोंडात. आम्ही कॉलेजात जाऊन 'मी', 'नाही' म्हणायला शिकलो आणि ही गोरीपान, चेहऱ्यावर तांबूस ठिपक्यांची पोर दुकानात उभी राहून म्हणायची, "म्या न्हाय घेनार ह्यो गूळ, काळा हाय." म्हाताऱ्या बायका तिला धरून बसवायच्या. बाबांच्या जुन्या कॅसेट मावशीनं बरोबर नेल्या होत्या, त्या ऐकून हिला सगळे पोवाडे पाठ. बाबांनी एक दिवस सहज तिच्या हातात डफ दिला आणि तिथंच माझं कडवं गेलं. बाबा मला म्हणाले, पाहुणी आहे, जत्रेपुरतं म्हणू दे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण कडव्यापेक्षा मला जास्त लागायचं ते आईचं वागणं. माझी आई शालन अबोल बाई. लाड करणं तिच्या स्वभावातच नाही असं मी धरून चालले होते. लहानपणी माझी वेणी घालायची ती कशीबशी, दुसरीकडं बघत, काम उरकल्यासारखी. चौथीत मी स्वतःच वेणी घालायला शिकले. आणि आता तीच आई रोज सकाळी मागच्या दारी पायरीवर बसून नोराच्या केसांना तेल लावायची. एकेक बट बोटांवर घेऊन उन्हात धरायची. मी चहा घेऊन गेले तरी तिची मान वर व्हायची नाही. एकदा मी म्हणाले, माझ्या पण डोक्याला लाव की जरा. तिनं हो म्हटलं, तेलाची वाटी सरकवली, आणि तेवढ्यात दूधवाला आला म्हणून उठून गेली. परत आली नाही.

जत्रेतला तो व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आमच्याच नातेवाइकांकडून फिरून आमच्याकडं आला. आठवड्याभरात लाखो लोकांनी बघितला. सुरुवातीला नुसतं कौतुक. मग वाद लागला. एक बाजू म्हणायची, गोऱ्या पोरीनं फेटा बांधला की तुम्हाला उमाळे येतात, आपल्या पोरींना कोण विचारतं. दुसरी बाजू त्याहून पुढची. त्यांचं म्हणणं, आपलं मूळ रक्त असंच होतं, गोरं आणि तांबड्या केसांचं, मधल्या काळात ते मळलं, ही पोर म्हणजे जिवंत पुरावा. कुणी लिहिलं, इंग्रजांविरुद्धचा पोवाडा इंग्रजाची पोर गाते, यापेक्षा मोठा विनोद नाही. नोरानं ते वाचून एवढंच विचारलं, की ह्यांना आयर्लंड ठाऊक नाही का, आमी बी इंग्रजांशीच लढलो की.

त्या व्हिडिओत मीही होते. कडेला, अर्धी, तुणतुण्यासकट. एकानं विचारलं, "मागची काळी कोण?" त्यावर दुसऱ्यानं उत्तर दिलं, की तीच खरी मातीतली, तिचा रंग बघा, पुढची नकली आहे. त्याला पुष्कळ जणांनी दुजोरा दिला. ते उत्तर मी कितीदा वाचलं सांगता येणार नाही. जेवताना वाचलं, बसस्टॉपवर वाचलं. मला ते गोड लागत होतं. माझ्या आवाजाबद्दल त्या सगळ्या गर्दीत एकानंही अवाक्षर काढलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग पुण्याहून एका संस्थेचा फोन आला. त्यांच्या महोत्सवात शाहीर आनंदा सुतारांच्या पथकाला बोलवायचं होतं. बाबांनी उभ्या जन्मात असा फोन घेतला नव्हता. ते खुर्चीतून उठून उभे राहूनच बोलत होते. अट एकच, विदेशी मुलगी पुढं पाहिजे आणि शेवटच्या कडव्याला फेटा सुटला पाहिजे. बाबांनी फोन ठेवला, आमच्याकडं बघितलं आणि चष्मा पुसत बसले. नोरा म्हणाली, राजीला पुढं उभं करा, म्या मागं ऱ्हाते. तिचा तो मोठेपणा मला त्या क्षणी सगळ्यात असह्य झाला.

थोड्याच दिवसांत वारं फिरलं. मराठी इतिहासावर लिहिणाऱ्या एका पानावर कुणीतरी लांबलचक मजकूर टाकला. मुद्दा सोपा होता. तांबडे केस आईबाप दोघांकडून यावे लागतात, एकाकडून येऊन भागत नाही. आई सांगलीकडची असेल तर मुलीला असे केस येणं शक्य नाही. तेव्हा ही मुलगी मराठी आईची नाहीच, सगळा बनाव आहे, सुतार शाहिरानं प्रसिद्धीसाठी एक गोरी मुलगी धरून आणली आहे. मग काय, शिव्यांचा पाऊस. बाबांच्या नंबरवर फोन येऊ लागले. ज्यांचे मंडप ठरले होते त्यांतल्या दोघांनी काम काढून घेतलं. मेलेल्या मावशीबद्दल लोकांनी जे लिहिलं ते मी इथं सांगणार नाही. नोरानं एकालाही उत्तर दिलं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, ती जेवेना, पण बोलायची नाही.

आणि पुण्याचा फोन पुन्हा आला. ते म्हणाले, चाचणी करून टाका, डीएनएची. मुलीची आणि तिच्या मावशीची, म्हणजे माझ्या आईची. दोघींचा अहवाल स्टेजवर दाखवू, सगळ्यांची तोंडं बंद होतील, उलट गर्दीच वाढेल. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं.

त्या दिवशी रविवार होता. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. बाबांनी फोनवरचं सगळं सांगितलं. आई ताटात बघत राहिली. म्हणाली, "मी न्हाय करणार चाचणी."

"का?" मी विचारलं.

"न्हाय म्हणजे न्हाय."

माझ्या डोक्यात कितीतरी दिवस जे साठत आलं होतं ते तिथं बाहेर पडलं. मी वाटाण्यांचं सांगायला लागले. कॉलेजात शिकलेलं, जांभळ्या फुलांचा वाटाणा आणि पांढऱ्या फुलांचा वाटाणा. काही गुण असे असतात की दोन्ही बाजूंनी आले तरच दिसतात. तो मजकूर लिहिणाऱ्याची भाषा घाण आहे, पण शास्त्र खोटं नाही. मावशीचे केस काळेभोर, आजीचे काळे, आप्पाआजोबांचे काळे, तुझे काळे, माझे काळे. आपल्याकडं तांबडं कुणाचं आहे? हे मी आईकडं बघून बोलत होते, पण रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळत होतं.

बाबा म्हणाले, "राजी, पुरे."

मी थांबले नाही. "मावशीनं दत्तक घेतली असेल," मी म्हणाले. "आपल्याला कुठं काय कळवायची ती? आई चाचणीला घाबरते ती उगीच नाही."

नोरानं हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं ती भांडेल, रडेल. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती आईकडं बघत होती, आणि मान अगदी थोडी हलवत होती. नको, अशी.

"असू दे पोरी," आई तिला म्हणाली. "लई दिवस झाकलंस."

आईचा पदर कायम डोक्यावर असायचा. तिनं डाव्या हातानं तो मागं टाकला, अंबाड्याचा आकडा काढला आणि माझ्यासमोर मान खाली घातली. खिडकीतलं ऊन तिच्या भांगावर पडलं. शेंड्यांकडून केस काळे होते, कलपाचे, ठिक्कर काळे. पण भांगाच्या दोन्ही बाजूंनी, मुळापासून चांगली चार बोटं, केस तांबडे होते. मधेमधे पांढरे, बाकी सगळे तांबडे. नोराच्या केसांवर आणि त्यांच्यावर पडलेलं ऊन एकाच रंगाचं दिसत होतं.

नोरा आल्यापासून आईनं कलप लावला नव्हता. आणि मी एकाच घरात राहून तिच्या डोक्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. एरवी महिन्यातनं एकदा ती न्हाणीचं दार लावून काळी मेंदी लावायची, ते मला ठाऊक होतं. गल्लीतल्या सगळ्याच आया लावायच्या. जुनी मेंदी उतरली की केस तांबूस दिसतात, तेही सगळ्यांचंच दिसतं.

"मालन मला अक्का म्हणायची," आई म्हणाली. "ही जन्मली तवा तिनं फोन केला होता. म्हणाली, अक्का, तुझं केस आलं माझ्या पोरीला."

"मम्मी तेच म्हनायची," नोरा हळूच म्हणाली. "तुजं केस अक्काचं हायती. म्या आल्या दिवशी ह्या मावशीनं सांगितलं, कुनाला बोलू नगंस. म्हनून न्हाय बोलले."

ते ऐकताना मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर, आतापर्यंतच्या सगळ्या मत्सराहून धारदार. जगातली माणसं तिच्या आईच्या नावानं शिव्या देत होती आणि तिनं तोंड उघडलं नव्हतं, कारण माझ्या आईला तिनं शब्द दिला होता. माझ्या आईचं गुपित तिला पहिल्या दिवशी मिळालं. मला इतक्या वर्षांत मिळालं नाही.

मी आईला तेच विचारलं. मला का नाही सांगितलंस?

ती सांगत गेली. ती जन्मली तेव्हा आजी तालुक्याला मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. तिथं एक गोरा डॉक्टर होता. तांबड्या केसांची पोर झाल्यावर गावाला एवढं पुरलं. आता मोबाइलवर जे लिहितात ते तेव्हा पाणवठ्यावर बोलायचे. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, आजीला टाकलं नाही, पण शालनला कधी उचलून घेतलं नाही. नंतर मालन झाली, काळ्या केसांची. तिला ते खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचे. तिची वेणी स्वतः घालायचे, दारात बसून, सगळ्यांना दिसेल अशी. शालन उंबऱ्यात उभी राहून बघायची. लग्न ठरलं तेव्हा आजीनं तिचे केस काळे करून तिला बोहल्यावर उभी केली.

"बाबांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"लग्नानंतर आठ दिवसांत कळलं," बाबा म्हणाले. "मी म्हटलं होतं, राहू दे तसेच. ही ऐकंना."

"तुझं केस मालनवानी हाईत," आई मला म्हणाली. "तसंच दाट, काळं. वेणी घालायला बसले की आप्पा दिसायचं, दारात बसलेलं. हात उचलायचा न्हाय माझा. तुझी चूक न्हवती त्यात."

बाहेर रस्त्यानं कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. ताटातलं कालवण गार झालं होतं. आई पदर परत डोक्यावर घ्यायला लागली, आणि मधेच थांबून म्हणाली, "ते काय म्हणालीस मगाशी? दोन्हीकडनं यावं लागतं?"

"हो."

"आईकडनं आणि बापाकडनं?"

"हो, दोघांकडून."

"मग त्या डॉक्टरकडनं बी आलं असंल."

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला कळलं, हा प्रश्न ती लहानपणापासून स्वतःला विचारत आलीय. चाचणीला ती का नाही म्हणाली तेही कळलं. मालन आपली सख्खी बहीण नाही असं त्यात निघालं तर? एक वाटा आजीचा धरला तरी दुसरा कुणाचा, हे वाटाणे सांगत नाहीत.

बोलली ती नोरा. तिच्या वडलांचा एक भाऊ होता, डेक्लन नावाचा. त्याचं डोकं काळं आणि दाढी मात्र तांबडी. तिकडं अशी माणसं पुष्कळ. ज्यांच्याकडं एकच वाटा असतो त्यांच्या डोक्यात रंग दिसत नाही, पण कधीकधी दाढीत उतरतो. तिनं विचारलं, "आप्पांची दाढी कशी हुती?"

"आप्पा दाढी राखायचं न्हाईत," आई म्हणाली. "रोज करायचं. गावात न्हावी नसला तर स्वतः करायचं, पण..."

तिचा हात पदरावर तसाच राहिला.

"शेवटच्या दुखण्यात," ती म्हणाली. मालन परदेशात होती, म्हणून आप्पांची सेवा शालननंच केली होती. अंथरुणाला खिळल्यावर दाढी कोण करणार? ती वाढली. पांढरी, आणि हनुवटीखाली, गालांवर तांबडी. तिला वाटलं होतं तंबाखूचा डाग असावा. रोज ओल्या फडक्यानं पुसायची. पुसून जायचा नाही. आप्पा तिचा हात धरून बाजूला करायचे आणि भिंतीकडं तोंड फिरवायचे.

"त्यांना ठाऊक होतं," आई म्हणाली. "रोज आरशात दिसत असंल की त्यांना."

मग ती रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, मावशी गेली तेव्हाही नाही. नोरा उठायला लागली, तेव्हा मी तिच्या आधी उठले. धक्का देऊनच गेले म्हणायला हरकत नाही. आईच्या शेजारी बसले आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं. त्यातही थोडी चढाओढ होतीच.

बाबांनी संध्याकाळी पुण्याला फोन करून सांगितलं, चाचणी होणार नाही, पथक यायला तयार आहे, पुढं कोण उभं राहील ते आमचं आम्ही ठरवू. त्यांनी निमंत्रण काढून घेतलं. आईच्या डोक्याचा एक फोटो टाकला असता तर सगळा वाद तिथंच मिटला असता, असं मी सुचवून बघितलं. आई म्हणाली, "त्यांना कशाला? त्यांचा काय संबंध?" पंधरा दिवसांत लोकांना भांडायला दुसरं काहीतरी मिळालं.

नोरा उन्हाळ्यात परत गेली. जाण्याआधी कार्यक्रमाच्या दोन सुपाऱ्या आल्या होत्या. एकीत ती पुढं उभी राहिली, एकीत मी. तिचा कार्यक्रम माझ्यापेक्षा चांगला झाला, हे मला तेव्हाही कळलं. आता पथक मीच चालवते. नोरा तिकडं शाळेत शिकवते, आणि आम्ही फोनवर एकमेकींना नवी कडवी म्हणून दाखवतो. तिनं एखादी ओळ फार चांगली उचलली की मला अजून पोटात दुखतं. मी ते तिला सांगते, ती हसते.

आईनं कलप पुन्हा लावला नाही. काळे शेंडे कापत कापत वर्षभरात सगळं डोकं तांबडं झालं, कानशिलांवर पांढरं. पदर आता खांद्यावर असतो. माझ्या लेखी हिशोब सोपा आहे. आईकडं दोन्ही वाटे तांबडे, म्हणजे माझ्याकडं एक असणारच. पण बाईमाणसाला दाढी नसते. आरशासमोर उभी राहून मी पुष्कळ शोधलं, एकही केस सापडला नाही.

गावात मात्र कुणाला शंका आली नाही. मागच्या सोमवारी बाजारात भाजी घेताना एका ओळखीच्या बाईनं आईला थांबवलं. डोक्याकडं बघत म्हणाली, "वहिनी, रंग काय झ्याक बसलाय. मेंदी कुठनं आणता?"

आईनं वांगी निवडून पिशवीत टाकली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "माहेरची हाय. वडलांकडची."